मृत्युपत्राची शाबिती

मृत्युपत्र हा शब्द कानाला अस्सल संस्कृत वाटतो; परंतु आपल्या जुन्या धर्मशास्त्रग्रंथांत तो शोधू गेल्यास सापडावयाचा नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, पुढे काही शतकांनी नीलकंठभट्टाने व्यवहारमयूख रचला. दायविभागाची इतकी बारीक चिकित्सा करणाऱ्या ह्या ग्रंथकारांच्या व्यवस्थेत, माणसाने आपल्या मागे आपल्या मिळकतीचे काय व्हावे हे कागदावर लिहून ठेवावे आणि मागे राहिलेल्यांनी ते निमूटपणे पाळावे, ह्या कल्पनेला आजच्यासारखे स्थान नव्हते. घर कुळाचे, शेत कुळाचे. पुत्र जन्मास येतो तोच वाटेकरी होऊन येतो. मग एकट्या माणसाने जाताना सांगून जाण्यासारखे उरते काय? मरणाऱ्याने गोदान सांगावे, देवळास काही द्यावे, आणि धाकट्यांना थोरल्यांच्या हाती सोपवून डोळे मिटावे, एवढीच वहिवाट होती.

इंग्रजी अंमलात कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या तीन शहरांत स्वकष्टार्जित धन वाढले, नोकऱ्या आल्या, पेढ्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर मृत्युपत्रेही आली. ती आली तेव्हा खोटीही येऊ लागली. म्हणून १८७० साली हिंदू मृत्युपत्रांचा कायदा झाला आणि त्या वर्षाच्या १ सप्टेंबरपासून ह्या शहरांतील हिंदूंच्या मृत्युपत्रांस लेखी रूप, सही व साक्षी ह्यांचे बंधन लागले. १८८१ साली प्रोबेटचा स्वतंत्र कायदा झाला, आणि १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ही सर्व कलमे एका ठिकाणी आणली. आज आपण ज्या कायद्याने मृत्युपत्र करतो व शाबीत करतो तो हाच. शंभर वर्षे झाली तरी आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनही त्याची माहिती फार थोड्यांना असते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर ती असणे अगत्याचे आहे. कारण पन्नास वर्षांपूर्वी काही हजारांत घेतलेल्या दोन खोल्या आज कोटींच्या घरात गेल्या आहेत, आणि जेथे कोट आला तेथे कोर्ट येण्यास वेळ लागत नाही.

प्रथम प्रोबेट म्हणजे काय ते पाहू. मृत्युपत्राची मूळ प्रत न्यायालयापुढे ठेवावयाची. ती मृताचीच, शेवटची व रीतसर केलेली आहे असे साक्षीने दाखवावयाचे. आणि न्यायालयाची खातरी पटली म्हणजे त्याने मृत्युपत्राची नक्कल आपल्या शिक्क्याने जोडून जे प्रमाणपत्र द्यावयाचे त्याचे नाव प्रोबेट. ते फक्त एक्झिक्यूटरास, म्हणजे मृत्युपत्रात ज्याच्यावर अंमलबजावणीचा भार टाकला असेल त्यालाच मिळते. मृत्युपत्र आहे, पण त्यात एक्झिक्यूटर नेमलेला नाही, अथवा नेमलेला आधीच वारला, तर मृत्युपत्र जोडलेली ‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’ घ्यावी लागतात. मृत्युपत्रच नसेल तर साधी लेटर्स. बँकेतील ठेवी, शेअर, रोखे एवढ्यापुरतेच काम असेल तर ‘सक्सेशन सर्टिफिकेट’. आणि केवळ वारस कोण एवढे ठरवून घ्यावयाचे असेल तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचा वारसदाखला. एल्फिन्स्टनसाहेबाच्या कारकीर्दीतील हे रेग्युलेशन अजून आपल्या उपयोगी पडते, ही गोष्ट पुष्कळांना नवल वाटण्यासारखी आहे. ह्या चार कागदांतील भेद ध्यानात न घेता लोक भलताच अर्ज करतात आणि वर्ष वाया घालवितात.

दुसरा प्रश्न असा की जावे कोठे? उपनगरातील माणसाला वाटते, अंधेरीस फौजदारी न्यायालय आहे, दिंडोशीस शहर दिवाणी न्यायालयाची शाखा आहे, वांद्र्यास कुटुंब न्यायालय आहे. ह्यांपैकी कोठेतरी हे काम होत असेल. तसे होत नाही. मृत्युपत्रविषयक अधिकार बृहन्मुंबईत एकट्या उच्च न्यायालयाकडे आहे. १९४८ साली शहर दिवाणी न्यायालय स्थापन झाले तेव्हाही हा अधिकार त्याला दिला गेला नाही. म्हणून दहिसरचा असो की मुलुंडचा असो, आज तरी त्याला लोकलने फोर्टात उतरून, १८७८ साली पुरी झालेल्या त्या काळ्या दगडी इमारतीच्या परिसरातील मूळ शाखेच्या मृत्युपत्र विभागातच जावे लागते. वांद्र्यास नव्या संकुलाची पायाभरणी २०२५ च्या नोव्हेंबरात झाली आहे. ते पुरे होईल तेव्हा उपनगरकरांचा प्रवास अर्धा होईल.

ह्या हद्दीचा इतिहासही मौजेचा आहे. उच्च न्यायालयाचा मूळ दिवाणी अधिकार आरंभी मुंबई बेटापुरता होता. १९४५ च्या एका कायद्याने ती हद्द वाढविण्याची वाट मोकळी झाली. महानगरपालिकेची शीव १९५० साली जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत सरकली. आणि आज सर्व उपनगर उच्च न्यायालयाच्या मूळ हद्दीत मोडते. ह्याचा परिणाम असा होत असे की मुलुंडच्या चेकनाक्याच्या अलीकडील घराच्या मृत्युपत्रास प्रोबेट सक्तीचे, आणि पलीकडे ठाण्यातील माणसाने ठाण्यातच केलेल्या, ठाण्याच्या घरापुरत्या मृत्युपत्रास ते ऐच्छिक. दोन भावांची बिऱ्हाडे नाक्याच्या दोन अंगांस असली तर एकाच्या मुलांनी कोर्टाची पायरी चढावी आणि दुसऱ्याच्या मुलांनी चढू नये, असा तो न्याय होता. ह्या सक्तीचे पुढे काय झाले ते यथाक्रम सांगतो.

आता प्रत्यक्ष कार्य कसे चालते ते मला आमच्या घरच्याच प्रकरणावरून सांगता येईल. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणत असू, बोरिवलीस राहात. त्यांनी आपल्या हाताने, शुद्ध मराठीत, दोन पानांचे मृत्युपत्र लिहून ठेवले होते. आशय सरळ होता. वहिनींनी हयात असेपर्यंत त्या घरात राहावे, त्यांना कोणी तेथून हलवू नये. त्यांच्या पश्चात घराचे तीन सारखे भाग व्हावेत, दोन मुलांस दोन व मुलीस एक. पोस्टातील रक्कम वहिनींची. एक्झिक्यूटर म्हणून माझे नाव घातले होते. तेराव्याचे कार्य झाले, कपाटातील पाकीट उघडले, आणि सर्वांदेखत मी ते वाचून दाखविले. कोणी काही बोलले नाही. आपल्या घरांतून अशा प्रसंगी जी शांतता असते ती संमतीची आहे असे समजू नये.

दादांच्या सोसायटीने इमारतीचा पुनर्विकास करावयाचे ठरविले होते. नवा करारनामा कोणाच्या नावे करावयाचा असा प्रश्न आला. विकासकाच्या वकिलाने सांगितले की प्रोबेट आणा. ते येईपर्यंत वहिनींना पर्यायी जागेचे भाडे मिळणार नव्हते, आणि इतर बिऱ्हाडे तर घरे खाली करू लागली होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने जावे कोठे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातला नव्हता. तो रोज संध्याकाळी दिवा लावताना पुढे उभा राहात होता.

अर्जास लागणारी सामग्री अशी. मृत्युपत्राची मूळ प्रत. ती न्यायालयात जमा होते आणि परत मिळत नाही, म्हणून आधी तिच्या नकला करून घ्याव्या. मृत्यूचा दाखला. मृताच्या सर्व वारसांची नावे, वये, नाती व पत्ते. ह्यात आवडता-नावडता असा भेद करावयाचा नाही, ज्याला मृत्युपत्राने काहीच दिले नाही त्याचेही नाव घालावेच लागते. मिळकतीची यादी मृत्युदिनाच्या किमतीसह, आणि देणी व अंत्यविधीचा खर्च वेगळा दाखवून. एक्झिक्यूटराची शपथ. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मृत्युपत्रावर साक्ष घालणाऱ्या दोघांपैकी निदान एकाचे प्रतिज्ञापत्र, की मृताने माझ्यादेखत सही केली आणि मी त्याच्यादेखत केली. मृत्युपत्र मराठीत असल्यास न्यायालयाच्या भाषांतरकाराकडून त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागते. दादांच्या मृत्युपत्राचे भाषांतर मी वाचले. अर्थ बिनचूक उतरला होता. परंतु ‘तिला कोणी हलवू नये’ ह्या शब्दांतला जो कढ होता तो कोणत्या भाषांतरकाराने कसा उतरवावा?

मृत्यूनंतर सात दिवसांच्या आत प्रोबेट देता येत नाही आणि मृत्युपत्र नसताना मागितलेली लेटर्स चौदा दिवसांच्या आत देता येत नाहीत. उलट बाजूने, तीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर अर्ज केला तर एवढा उशीर का झाला ह्याचे कारण उच्च न्यायालयाच्या नियमाप्रमाणे अर्जातच द्यावे लागते. कोर्ट फी मिळकतीच्या किमतीबरोबर चढत जाते. तिला महाराष्ट्रात ७५ हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे, आणि आजच्या भावाने उपनगरातील लहानशी खोलीही त्या मर्यादेला जाऊन भिडते. वकिलाचा मेहनताना अर्थातच निराळा.

दादांच्या दोन साक्षीदारांपैकी एक आधीच निवर्तले होते. दुसरे त्यांच्या कचेरीतील जुने सहकारी. निवृत्तीनंतर नाशकास गेलेले. पत्ता मिळविण्यास तीन आठवडे गेले. ते सापडले, आनंदाने आले, आणि सही करून गेले. पण त्या तीन आठवड्यांत मला एक गोष्ट कळून चुकली. आपले लोक मृत्युपत्रास साक्षीदार म्हणून वडीलधारा, प्रतिष्ठित असा गृहस्थ शोधतात. लग्नाच्या मुहूर्तास वडीलधारी माणसे बोलवावी. मृत्युपत्राच्या साक्षीस आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेला, धडधाकट आणि पत्ता न बदलणारा मनुष्य पाहावा. तो लाभार्थींपैकी नसावा. आणि लिहिणारा फार वृद्ध अथवा आजारी असेल तर दोहोंपैकी एक साक्षीदार त्याचा नेहमीचा डॉक्टर असल्यास पुढील अनेक शंका मुळातच खुंटतात. दोन्ही साक्षीदार हयात नसले म्हणून मृत्युपत्र बुडते असे नाही. त्यांचे व मृताचे हस्ताक्षर ओळखणाऱ्यांकडून ते शाबीत करता येते. पण ती वाट लांबची.

अर्ज दाखल झाल्यावर ज्या वारसांनी संमतीची प्रतिज्ञापत्रे दिली नसतील त्यांना न्यायालयाकडून सूचना जाते. तिला ‘सायटेशन’ म्हणतात. ती न्यायालयाच्या फलकावर व जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतही लागते, अशासाठी की ज्याला काही म्हणावयाचे असेल त्याने पुढे यावे. सूचना मिळाल्यापासून चौदा दिवसांत हरकतदाराने ‘कॅव्हेट’ दाखल करावयाचे आणि त्यानंतर आठ दिवसांत आपल्या हरकतीची कारणे प्रतिज्ञापत्राने द्यावयाची. तसे झाले की साध्या अर्जाचे दाव्यात रूपांतर होते. मग साक्षी, उलटतपासणी, हस्ताक्षरतज्ज्ञ, तारखांमागून तारखा. संमतीने महिन्यांत होणारे काम वर्षांवर जाते ते ह्या वळणावर.

आमच्या प्रकरणी पुतणी व थोरला पुतण्या ह्यांनी सह्या दिल्या. धाकटा परदेशी असतो. त्याने दिली नाही. त्याचे म्हणणे वाकडे नव्हते, पण समजूत चुकीची होती. त्याला वाटले की संमतीच्या कागदावर सही करणे म्हणजे आपला हिस्सा सोडून देणे. मी त्याला सविस्तर पत्र लिहिले. त्यात लिहिले की, बाबा रे, न्यायालय तुला एवढेच विचारते आहे की ही सही तुझ्या वडिलांची आहे काय, आणि ती करताना ते भानावर होते काय. वाटणी बरी की वाईट हे ते विचारीत नाही. किंबहुना, हे घर दादांच्या मालकीचे होते की नव्हते हा प्रश्नदेखील प्रोबेटच्या न्यायालयापुढे येत नाही. मालकीचा वाद असेल तर त्यासाठी वेगळा दिवाणी दावा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकवार सांगितले आहे. तू सही केलीस म्हणजे तुझा तिसरा हिस्सा नाहीसा होत नाही. तो ज्या कागदाने तुला मिळतो तोच कागद भक्कम होतो.

त्याचे उत्तर आले त्यात कायद्याचा एक शब्दही नव्हता. त्याने लिहिले होते, ‘बाबा दर रविवारी माझ्याशी बोलत. पण हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. मला ते परक्याप्रमाणे एका कागदावरून कळले.’ ह्या वाक्याने मला फार दिवस छळले. मृत्युपत्र हे असे पत्र आहे की ज्याचे उत्तर पाठविता येत नाही. मुलाला बापाला विचारावयाचे असते, ‘तुम्ही असे का केलेत?’ आणि विचारण्यास कोणी उरलेले नसते. म्हणून तो तोच प्रश्न न्यायाधीशापुढे नेऊन ठेवतो. कॅव्हेटे जी पडतात त्यांतली कित्येक पैशासाठी पडतात हे खरे. पण कित्येक ह्या न विचारलेल्या प्रश्नासाठी पडतात, असे माझे अनुमान आहे.

धाकटा पुतण्या वर्षश्राद्धास आला. वहिनींजवळ दोन दिवस बसला, दादांच्या वह्या चाळल्या, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर येऊन सही करून गेला. त्यानंतर काही महिन्यांनी, अर्ज केल्यापासून सुमारे चौदा महिन्यांनी, प्रोबेट हाती आले. वहिनींचे नाव करारनाम्यात चढले. मधले चौदा महिने त्यांनी लेकीच्या घरी काढले, ह्याचे मला वाईट वाटते. परंतु हरकत दाखल झाली असती तर त्या घराचा उंबरठा त्यांनी पुन्हा ओलांडला असता की नाही हे सांगवत नाही.

प्रोबेट मिळाले म्हणजे एक्झिक्यूटराचे काम संपते असे नाही. सहा महिन्यांच्या आत त्याने मिळकतीची तपशीलवार यादी आणि वर्षाच्या आत जमाखर्चाचा हिशेब न्यायालयास द्यावयाचा असतो. दुसरे असे की, उच्च न्यायालयाने दिलेले प्रोबेट, अन्यथा आज्ञा नसेल तर, देशभर चालते. कोकणातल्या वडिलोपार्जित घरातील आपल्या हिश्श्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. तिसरे असे की, प्रोबेट लबाडीने, वारस दडवून किंवा सूचना न देता मिळविले असेल तर ते योग्य कारणासाठी रद्दही होऊ शकते.

हे रद्द होणे काय चीज आहे ते महाराष्ट्राने एका मोठ्या प्रकरणात पाहिले आहे. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले आणि त्यात आपले स्नेही बाळ गंगाधर टिळक, दादासाहेब खापर्डे प्रभृतींना विश्वस्त नेमले. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर सुटलेले होते. मित्राच्या शब्दासाठी त्यांनी हे ओझे पत्करले. पत्नी ताई महाराज गरोदर होत्या. मुलगा झाला, तो दोन महिन्यांत गेला. तेव्हा विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावयाचा, असे मृत्युपत्र सांगत होते. १९०१ साली औरंगाबादेस दत्तविधान झाले. परंतु लवकरच ताई महाराजांनी त्याविरुद्ध जाऊन प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज केला. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशाने, अ‍ॅस्टनने, १९०२ साली तो मान्य केला आणि वर टिळकांवरच खोट्या साक्षीचा ठपका ठेवून त्यांना फौजदारीत ओढले. १९०३ साली शिक्षा झाली. मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. दत्तकाचा दिवाणी दावा मात्र चालतच राहिला. मंडालेचा कारावास मध्ये येऊन गेला, आणि १९१५ साली विलायतेत प्रिव्ही कौन्सिलाने निकाल टिळकांच्या बाजूने दिला. मरणाच्या दिवशी घाईने केलेल्या एका कागदापायी अठरा वर्षे गेली. प्रामाणिकपणाने ज्याला कोणी नावे ठेवू शकत नाही अशा पुरुषालाही एक्झिक्यूटर होणे किती महाग पडते, ह्याचा हा धडा आहे. आणि मृत्युपत्र अंथरुणाला खिळण्यापूर्वी करावे, ह्याचाही.

मृत्युपत्राविषयी न्यायालय कशाकशाचा विचार करते ह्याचे उत्तम विवेचन आपल्याच एका न्यायमूर्तींनी केले आहे. साताऱ्याच्या शास्त्रीघराण्यात जन्मलेले, मुंबईच्या उच्च न्यायालयातून दिल्लीस गेलेले आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर ह्यांनी वेंकटचल अय्यंगार प्रकरणातील निकालात हा विषय मांडला. १९५९ च्या निवाडेसंग्रहांत तो छापलेला आहे, आणि अजूनही प्रत्येक मृत्युपत्राच्या दाव्यात त्याचा आधार घेतला जातो. त्यातील तात्पर्य असे की इतर दस्तऐवजांचा कर्ता न्यायालयात येऊन बोलू शकतो, मृत्युपत्राचा कर्ता बोलू शकत नाही. म्हणून त्या कागदाभोवती जी जी संशयास्पद परिस्थिती असेल ती दूर करण्याचा भार तो पुढे आणणाऱ्यावर असतो. सही थरथरती आहे, ज्याला सर्वात मोठा लाभ तोच लिहून घेण्यात पुढे होता, जवळच्या वारसाला कारण न देता वगळले आहे, मन ठिकाणावर असल्याची शंका आहे, अशी ही परिस्थिती. ह्यावरून शहाण्याने एवढे शिकावे की एखाद्या मुलास कमी दिले तर त्याचे कारण मृत्युपत्रातच दोन सौम्य ओळींत लिहावे. ते न्यायाधीशाच्याही उपयोगी पडते आणि त्या मुलाच्याही.

आता एक फार पसरलेला गैरसमज. लोक म्हणतात, ‘सोसायटीत नॉमिनेशन केले आहे, बँकेत केले आहे, मृत्युपत्र कशाला?’ नॉमिनी हा मालक होत नाही. त्याने रक्कम अथवा शेअर स्वीकारावे आणि खऱ्या वारसांसाठी सांभाळावे, एवढाच त्याचा अधिकार. हा प्रश्न शेवटास गेला तो एका मराठी घराण्याच्या प्रकरणातच. ज्यांची दिनदर्शिका १९७३ पासून आपल्या भिंतीवर लटकते ते ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर २०१३ साली वारले. त्यांच्या गुंतवणुकीवर नॉमिनीचा हक्क की वारसाहक्काने येणाऱ्यांचा, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल झाला की शेअरांच्या बाबतीतही नॉमिनेशनाने मालकी मिळत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कायद्यातही २०१९ च्या सुधारणेनंतर नॉमिनी हा वारसांचा निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता सभासद ठरतो. नॉमिनेशन अवश्य करावे. पण ते दाराची कडी आहे, घराचा खरेदीखत नव्हे, हे विसरू नये.

एकत्र कुटुंबात आणखी एक विवेक लागतो. मृत्युपत्राने माणसाला आपल्या मालकीचेच देता येते. स्वकष्टार्जित मिळकत सर्व त्याची. परंतु वडिलोपार्जित समाईक मिळकतीतील फक्त आपला अविभक्त हिस्सा त्याला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्रात घालता येतो. २००५ च्या सुधारणेपासून मुलीही मुलांप्रमाणेच जन्मतः वाटेकरी आहेत. ‘मुलींना लग्नात दिले’ असे म्हणून गावचे घर केवळ मुलांच्या नावे लिहिणारी मृत्युपत्रे अजून होतात. त्यांच्यातील तो भाग कोर्टात टिकावयाचा नाही, आणि बहिणीभावांची भाऊबीज मात्र कायमची जाते.

शेवटी त्या सक्तीविषयी. मुंबईतील हिंदूंच्या मृत्युपत्राखालचा हक्क प्रोबेटावाचून न्यायालयात शाबीत करता येत नाही, असे सांगणारे १९२५ च्या कायद्यातील कलम २१३ हे २०२५ च्या डिसेंबरात संसदेने केलेल्या निरसन व सुधारणा कायद्याने वगळण्यात आले. चेकनाक्याच्या अलीकडचा व पलीकडचा हा भेद त्याबरोबर मिटला. ही गोष्ट बरी झाली. परंतु प्रोबेट मागण्याची सोय रद्द झालेली नाही, आणि तिचा उपयोगही संपलेला नाही. प्रोबेट हा सर्व जगाविरुद्ध चालणारा पुरावा आहे. ते नसेल तर ज्या दिवशी कोणी आक्षेप घेईल त्या दिवशी, कदाचित वीस वर्षांनी, साक्षीदार शोधत फिरावे लागेल. म्हणून जेथे वारस एकदिलाचे आहेत, सर्वांच्या लेखी संमती आहेत आणि मिळकत साधी आहे, तेथे प्रोबेटाचा खर्च वाचविण्यास आता हरकत नाही. जेथे कोणी रुसलेला आहे, कोणाला वगळले आहे, मृताचा दुसरा विवाह होता, किंवा घर विकावयाचे अथवा पुनर्विकासात जावयाचे आहे, तेथे साक्षीदार हयात आहेत तोवर प्रोबेट घेऊन मोकळे व्हावे.

मृत्युपत्र करण्यास स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. मात्र नोंदणी केल्यास सहीचा व तारखेचा एक पुरावा अधिक होतो, आणि ज्याला मजकूर गुप्त ठेवावयाचा असेल त्याला बंद लखोटा जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतो. कितीही वेळा बदलता येते. शेवटचे तेच खरे. एक कागद, एक लेखणी, दोन साक्षीदार आणि शुद्ध बुद्धी, एवढीच सामग्री. आपण मुलांची मुंज, लग्न, शिक्षण ह्यांची वर्षे आधी आखणी करतो. आपल्या मागे आपल्या पत्नीने कोठे राहावे ह्याची आखणी करण्यास अशुभ मानतो. अशुभ असेल तर ते न लिहिण्यात आहे.

मी स्वतः दादांचे कार्य उरकल्यावर माझे मृत्युपत्र लिहिले. साक्षीला माझे दोन जुने विद्यार्थी घेतले; दोघेही चाळिशीच्या आतले. लिहून झाल्यावर मुलगा, सून, मुलगी व जावई ह्यांना एका रविवारी बोलावले आणि जेवणानंतर ते सर्व त्यांच्यापुढे वाचले. मुलीने दोन प्रश्न विचारले, मुलाने एका कलमास हरकत घेतली. मी कारण सांगितले. त्यातले त्याला अर्धे पटले, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी ते कलम बदलले.